स्टेशनाला लागून घर

"घर चांगलंच हाय," प्रभाकरराव ओट्यावर टेकत म्हणाले. "फक्त कागद साफ पाह्यजे."

सुरभीचा जीव भांड्यात पडला. रोहण्याच्या स्टेशनाला लागून असलेलं हे दोन खोल्यांचं घर बघायला आतापर्यंत सात गिऱ्हाइकं येऊन गेली होती. सातही जणांना आईने "भाऊ, घर विकाचं नाई" म्हणून आल्या पावली परत पाठवलं होतं. घर विकलं गेलं तर वर्ध्याला खोली घेता येणार होती आणि सुरभीला नर्सिंगला जाता येणार होतं. तिचं सगळं घोडं या चार भिंतींपाशी अडलं होतं.

या घराने भावाचे चढउतार मात्र भरपूर पाहिले होते. पुलगाव-आर्वी छोटी गाडी धावत होती तेव्हा स्टेशनाजवळच्या घराला गावात सगळ्यात जास्त मागणी. म्हणूनच तिच्या वडिलांनी, रूपरावांनी, परगावाहून येऊन ते घेतलं. अंधारात उठून पहिल्या गाडीने पुलगावच्या गिरणीत जायचं आणि दिवेलागणीनंतर शेवटच्या गाडीने परतायचं, हा त्यांचा क्रम. गावाने त्यांना उजेडात फारसं पाहिलंच नाही. एक्याण्णव साली ते असेच गेले आणि परतले नाहीत. सुरभी तेव्हा अडीच वर्षांची होती. घरात त्यांचा एक फोटोही नव्हता. पुढे गाडी बंद झाली आणि घराला कुत्रंही विचारेना.

त्यात पावलांची भर पडली. शेवटच्या गाडीच्या वेळेला गवत माजलेल्या फलाटावर कुणीतरी चालायचं. खडी वाजायची, कुंपणाशी येऊन थांबायची, आणि थोड्या वेळाने दूर जायची. सुरभीने ती पावलं स्वतःच्या कानांनी ऐकली होती आणि तिला त्यांची फार भीती वाटायची. आई मात्र न चुकता दारात दिवा ठेवायची. भुताचं घर म्हणून गावात बोभाटा झाला.

मग ब्रॉडगेज होणार अशी बोलवा उठली आणि त्याच भुताच्या घराला सोन्याचा भाव आला. पण घर रूपरावांच्या नावावर. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, अशी रीत आहे. पंधरा वर्षं झाली तरी आई तो विषय काढू देत नव्हती. कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू तिने एक दिवस चुकवलं नव्हतं.

प्रभाकरराव पुलगावचे. पांढरी दाढी, जाड चष्मा, बोलणं मधाळ. घर आपल्या बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या, नावाने घ्यायचं म्हणाले. आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, कुणाला नीट ओळखत नाही, असं सुरभीने त्यांना सांगून टाकलं.

"काऊन वाट पाहून राह्यल्या बाई?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी गेलेला माणूस येत असते का? विधी करून टाका. त्यालेही गती भेटन, तुमचंही काम होईन."

आई आत गेली, चहा घेऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "पह्यले कोर्टाचा कागद. मंग विधी. मंग रजिस्ट्री."

सुरभीचा कानांवर विश्वास बसेना. साऱ्या जगाला भाऊ म्हणणारी आई या माणसाला भाऊही म्हणाली नाही, आणि तरी त्याचं पहिल्या बोलण्यात ऐकलं.

वकील प्रभाकररावांनीच पाहिला. आर्वीच्या कोर्टाचे खेटेही त्यांनीच घातले. आठ महिने गेले. येताना ते सुरभीसाठी आठवणीने पेढे आणायचे, परीक्षेचं विचारायचे. तिला त्यांचा लळा लागला. ते यायला लागले आणि फलाटावरची पावलं थांबली. माणूस पायगुणाचा, असं तिने मनाशी धरलं.

कोर्टाने रूपराव मयत मानले. घर मायलेकींच्या नावावर चढलं. मग नदीकाठी पुतळा रचला गेला आणि अग्नी सुरभीने दिला. प्रभाकरराव लांब बाभळीखाली उभे होते. आईने आपल्या हाताने कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सुरभीच हमसून हमसून रडली. जो बाप आठवतसुद्धा नाही त्याच्यासाठी एवढं रडू कुठून आलं, हे तिला कळेना.

तेराव्या दिवशी, तेरवीच्या जेवणाला, आईने प्रभाकररावांना मुद्दाम निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ठरली होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती. आईने त्यांना पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं आणि वाढायला स्वतः आली. मागे वरणाची बादली घेऊन सुरभी.

"उद्या किती वाजता निघाचं बाई?" त्यांनी विचारलं.

"निघाचं नाई," आई हळूच म्हणाली. "सेलूच्या गिऱ्हाइकाचा इसार घेतला मी. पोरगी नर्सिंगले चालली."

प्रभाकररावांचा हात पत्रावळीवरच थांबला. चेहरा उतरला. इकडेतिकडे बघत ते दबक्या आवाजात म्हणाले, "अशी कशी फिरता तुम्ही? मी कोर्टात जाईन."

"कोन्या नावानं जासान?"

आईने वाकून त्यांच्या पत्रावळीवर एक वडा वाढला, मग दुसरा.

"जेवा, सुरभीचे बाबा," ती म्हणाली. "तेरवी तुमचीच हाय."