‘क्ष’ दुकान

शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ऐकायला आमच्या कॉमर्स कॉलेजात ओतारू शहरातल्या दुकानदारांना बोलावतात. मी बाबांच्याच टोफूच्या दुकानाचा अभ्यास केला होता, फक्त नाव लपवून ‘क्ष दुकान’ म्हटलं. न सांगताही बाबा आले, मयतीला घालायचा एकुलता काळा सूट चढवून, सरांसाठी टोफूचा डबा घेऊन. माझा निष्कर्ष पडद्यावर झळकला: ‘दुकान चार वर्षांपूर्वीच बंद करायला हवं होतं.’ सर म्हणाले, “अचूक!” प्रश्नांच्या वेळी बाबा उठले. पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या बोटांत माइक धरून मला म्हणाले, “साहेब, मग त्या माणसानं का बरं नसेल केलं बंद?” “हट्टी असेल म्हातारा!” मागच्या बाकावरून माझा वर्गमित्र ओनोदेरा ओरडला. वर्ग हसला. बाबाही हसले. “असेल, असेल,” म्हणत कमरेत वाकले. चार वर्षांपूर्वीच तर त्यांनी मला या कॉलेजात घातलं होतं.