पिवळे दिवे

गाडीला जादा दिवे बसवायला गेलो, तेव्हा सासरे दुकानात हळूच म्हणाले, "जावईबापू, आपला घाट धुक्याचा. पिवळे घ्या आणि खाली, बंपरजवळ लावा." माणसाने तीस वर्षं ट्रक चालवलेला. पण मी दुकानदाराकडे बघून हसलो. "यांच्या काळात कंदीलच होते," म्हणालो आणि सगळ्यात प्रखर पांढरे दिवे टपावर बसवून घेतले.

पुढच्याच रविवारी सकाळी घाटात धुकं उतरलं. दिवे लावले, तर समोर नुसती पांढरी भिंत. बंद केले, तर काहीच दिसेना. एका बाजूला दरी, मागच्या सीटवर बायको लेकीला घट्ट धरून बसलेली. माझ्या शेजारी बसलेले सासरे उतरले, बायकोची लाल ओढणी पाठीवर टाकली आणि गाडीपुढे चालू लागले. दुखऱ्या गुडघ्याने ते दीड किलोमीटर चालले. मी त्यांच्या पाठीमागून गाडी हळूहळू नेत राहिलो.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, "धुक्यात नीट दिसलं ना हो?"

"न दिसायला काय झालं," सासरे गुडघा चोळत म्हणाले. "जावईबापूंनी दिवे पारखून घेतलेत."

मी बुटाची नाडी सोडायला खाली वाकलो, आणि बराच वेळ मान वर केली नाही.