एकटा दिसला म्हणून

गोफणीचा दगड बसला आणि उंबरावरचा धनेश पाल्यात आपटत खाली आला. भिकनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं. महिनाभर तो देडतलाईच्या वरच्या डोंगरात याचसाठी हिंडत होता.

धनेशाच्या चरबीचं तेल चोळलं की आखडलेले पाय मोकळे होतात, असं वैदूनं सांगितलं होतं. तापानं पडलेली त्याची बायको कमल पुन्हा उभी राहिलीच नव्हती. दवाखाना झाला, नवस झाले. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. कमल काही खाटेवरून ओट्यापर्यंत गेली नाही.

तरी दिसेल तो पक्षी भिकननं मारला नव्हता. जोडीतला मारू नये, मागे राहिलेल्याचा तळतळाट लागतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं. फाल्गुनात जिकडे तिकडे जोड्याच. चैत्र लागला आणि एकदाचा हा एकटा सापडला.

घरी त्याची आई गोदाबाई पक्षी सोलायला बसली. गळा चिरला तर आतून सात-आठ उंबरं निघाली, जशीच्या तशी. खाटेवरून कमल बघत होती. तिचं माहेर पार जंगलातलं. पाखरं तिला भाऊबंदांसारखी ओळखीची.

"एकटाच व्हता?" तिनं विचारलं.

"एकटाच. जोडी असती तर मी हात उचलला असता का?"

कमलनं त्या उंबरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "चैतात तो एकटाच दिसते. मादी ढोलीत अंड्यांवर बसेल असते, दार लिपून. पंख झडेल असतात तिचे. हा नेईन तेच ती खाईन."

भिकननं ती उंबरं उपरण्यात बांधली, वाटेत आणखी तोडली आणि पुन्हा डोंगर चढला. उन्हं कलली तेव्हा सालईच्या एका जुन्या झाडाखाली बियांचा सडा दिसला. वर लिपलेली ढोली, तिला बोटभर फट. तो चढू लागला. सालीवर खसफस होताच फटीतून चोच बाहेर आली, उघडी. भिकनला भडभडून आलं. त्यानं उंबर पुढे धरलं. चोचीला माणसाचं बोट लागलं आणि ती आत गेली. दिवस मावळेपर्यंत तो फांदीला धरून "घे माय, घे" म्हणत राहिला. चोच पुन्हा आली नाही.

घरी गोदाबाईनं तेल कढवून ठेवलं होतं. तिचं म्हणणं, झालं ते झालं, आता वाया कशाला घालवायचं.

"घेतलं तिनं?" कमलनं विचारलं.

"घेतलं. सगळी खाल्ली."

त्याच्या उपरण्याची गाठ अजून तशीच फुगलेली होती. कमलनं ती पाहिली.

भिकन वाटी घेऊन तिच्या पायांशी बसला. तिनं दोन्ही हातांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि गोधडीखाली ओढून घेतले.