तपासलं, ठीक आहे

चूक ताईला अकराच्या सुमारास सापडली, आणि आधी तिला बरं वाटलं.

क्रिप्टोचं, म्हणजे डिजिटल पैशांचं, पाकीट सांभाळणारं ते सॉफ्टवेअर जगभरची हौशी मंडळी मिळून फुकटात लिहायची. त्याचा कोड सगळ्यांना खुला. आज एक वाजता त्याची नवी आवृत्ती निघायची होती. त्यात नवं काही नव्हतं, नुसती डागडुजी. पण एका दुरुस्तीनेच घोळ घातला होता. पाकिटाचा पासवर्ड बदलताना कॉम्प्युटरवर जागा कमी पडली, तर जुनी प्रत पुसली जायची आणि नवी लिहिलीच जायची नाही. कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी बसल्याजागी गायब.

ताईने खुर्ची मागे सरकवली. उठून चहा टाकला.

आवृत्तीवर प्रमुख म्हणून सही धाकट्या बहिणीची असणार होती. आठ वर्षं ती ताईची असायची. धाकटीला कोडची पहिली ओळ ताईनेच शिकवली होती, जेवायच्या याच टेबलाशी बसवून. गेल्या वर्षी मंडळींनी मतं घेतली आणि सही धाकटीकडे गेली. सगळ्यांत आधी अभिनंदन ताईनेच केलं. मग काही कारण नसताना तिने अख्खं कपाट उपसलं आणि पुन्हा लावलं.

आज सकाळी आईचा फोन आला होता. "आज म्हणे धाकटीचं काहीतरी मोठं निघतंय? काय असतं गं ते?"

आठ वर्षांत आईने हे ताईला एकदाही विचारलं नव्हतं.

चहा उतू गेला. ताईने गॅस बंद केला, ओटा तसाच ठेवला आणि येऊन बसली. तपासणाऱ्यांनी शेरा द्यायच्या जागी चुकीबद्दल दोन ओळी लिहिल्या. पुसल्या. असं होऊन होऊन होणार तरी किती जणांचं? एखाद-दुसऱ्याचं. दोन दिवसांत बोंब होईल. मग सगळ्यांना आठवेल, ताईच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.

तिने लिहिलं, 'तपासलं, ठीक आहे.' खाली आपलं नाव टाकलं.

एकला वीस मिनिटं असताना धाकटीचा फोन आला.

"ताई, पासवर्डचा भाग पाहिलास?"

"पाहिला."

"नीट?"

"अगं, पाहिला म्हटलं ना! किती वेळा विचारशील?"

धाकटी हळूच म्हणाली, "त्यात चूक आहे गं. मला काल दुपारीच दिसली. मुद्दामच बोलले नाही. आपल्यातलेच दोघं-तिघं म्हणतायत, ताईची नजर आता पूर्वीची राहिली नाही, तपासणाऱ्यांतून तिचं नाव काढा. म्हटलं, ही चूक तू पकडशील आणि त्यांची तोंडं आपोआप बंद होतील."

ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"ऐक ना," धाकटी घाईघाईने म्हणाली, "मी आवृत्ती थांबवतेय. तू तेवढं तुझं 'ठीक आहे' काढून टाक, अजून कुणी वाचलं नसेल. मी नाही सांगणार कुणाला. नजरचूक काय, कुणाचीही होते."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. फार तर मंडळी म्हणाली असती, वय झालं ताईचं. आणि धाकटीने आयुष्यभर तिची बाजू घेतली असती.

"धाकटे," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "माझी नजर चांगली आहे. मला दिसली होती ती चूक."