ताशी चार मैल

कोर्टाच्या जुन्या नोंदींच्या फिल्मची रीळ फिरू लागली आणि पडद्यावरून सगळं गाव वाहत जाऊ लागलं.

दंतवैद्य. शाळेतले गणिताचे मास्तर. लाकूडगिरणीचा मालक, तो तर तीनदा. एकेक नाव उजेडात तरंगत वर यायचं, त्यापुढे तारीख, त्यापुढे तोच एक गुन्हा, दारू पिऊन गाडी चालवणे. आणि मग ते नाव पुन्हा अंधारात बुडायचं. कोर्टाच्या तळघरात दुपारचे तीन वाजले होते. छताजवळच्या अरुंद खिडकीला सरोवरावरचं धुकं येऊन टेकलं होतं.

"बाकीच्यांची नावं वाचू नकोस गं," मार्वेल लाह्टी मागून म्हणाल्या. तीस वर्षं त्या इथली कागदपत्रं सांभाळत होत्या. "म्हणजे वाच हवं तर. कायद्याने कुणालाही वाचता येतात. पण मग संध्याकाळी किराणा दुकानात तीच तोंडं समोर येतात, आणि हसू दाबता दाबता जीव जातो."

रेनाटा हसली नाही. तीनशे मैल गाडी चालवून आली होती ती. चाळिशीची बाई, पण अंगातला कोट अजून काढला नव्हता. परक्या घरी आलेल्या मुलीसारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"ऑरिन केस्टी," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर."

"कोण तुझा?"

"वडील. मार्चमध्ये वारले, तिकडे लांब कुठल्याशा बंदरावर. मला ऑगस्टमध्ये कळलं. मला त्यांचा फोटो हवाय. एकही नाही माझ्याकडे. मावशीने वाढवलं मला. तिला विचारलं, तर म्हणते, 'तुझ्या बापाचा फोटो? कोर्टात जा. तिथेच काढून घेतलाय त्याने.'"

"जीभ आहे का कात्री!"

"टोमणाच होता. पण मी पत्ता समजून आले."

मार्वेलनी रीळ पुढे सरकवली. मग थांबवली.

पोलिसाने टाइप केलेला अहवाल होता. रेनाटा हळूहळू मोठ्याने वाचू लागली.

"'सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. दाट धुके. सरोवराकाठच्या रस्त्यावर एक निळी गाडी उलट्या बाजूने जाताना दिसली. दिवे बंद. वेग ताशी सुमारे चार मैल. भोंगा वाजवूनही थांबेना. म्हणून मी उतरून तिच्या बरोबरीने पायी चालू लागलो व काच ठोठावली.'"

"पायी!" मार्वेल म्हणाल्या.

"'चालकाने काच खाली केली. तोंडाला दारूचा उग्र वास. त्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहण्याची खूण केली. मागच्या सीटवर सुमारे आठ महिन्यांचे मूल झोपलेले. गाडी इतकी हळू का, असे विचारता चालक म्हणाला, याहून जोरात गेलं की ती उठते. थांबलं तरी उठते.'"

रेनाटाने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. पुढचं मार्वेलनी तिच्या खांद्यावरून वाकून मनात वाचलं. समोरून लाकडांचा ट्रक आला. पोलीस रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत राहिला. ट्रक सुमारे वीस फुटांवर थांबला.

"वीस फूट," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे टेबल ते तो जिना."

दोघींनी जिन्याकडे पाहिलं.

"मावशी म्हणायची, दारूपायी टाकून गेला तुला," रेनाटा म्हणाली. "मी गाडीत होते हे कधीच बोलली नाही."

"रागावलीस?"

"हो. कुणावर, ते ठरत नाहीये."

पुढच्या पानावर निकाल होता. तीस दिवस कैद. मूल आईच्या बहिणीच्या ताब्यात. आईच्या नावापुढे 'मयत'. खाली सही, पहिलं अक्षर ठसठशीत, मग रेघ कापत कापत खाली उतरत गेलेली. मार्वेलनी आपणहून पुढच्या वीस वर्षांच्या याद्या पाहिल्या. एकामागून एक रीळ चढत राहिली, गाव वाहत राहिलं. केस्टी हे नाव पुन्हा कुठेच आलं नाही.

"पुन्हा कधी सापडला नाही तो."

"किंवा पुन्हा कधी इथे आले नाहीत."

"तेही असेल." त्यांनी पहिली रीळ परत चढवली. "एक पान राहिलंय बघ."

फोटो होता. पंचविशीतला एक पोरगा, केस ओले, कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. कान थेट रेनाटासारखे. ती किती तरी वेळ नुसते कानच पाहत होती. मग तिच्या लक्षात आलं, की तो कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. डावीकडे, पार खाली कुठेतरी बघतोय, आणि चेहऱ्यावर अटकेतल्या माणसाचा भाव नाही.

फोटोखाली पोलिसाने पेनाने लिहिलं होतं: 'तीनदा सांगूनही समोर पाहिले नाही. मूल जमिनीवर बसवले होते.'

मार्वेलनी घड्याळाकडे पाहिलं. "साडेचारला बंद करते मी," त्या म्हणाल्या, आणि लावलेलीच खोकी पुन्हा लावायला पलीकडच्या फडताळामागे गेल्या.

रेनाटाने कोट काढला. खुर्ची बाजूला सरकवली. मग ती पडद्याच्या डाव्या अंगाला गार फरशीवर मांडी घालून बसली आणि मान वर केली.