चिकटपट्टी

टॅबलेटच्या काचेवर उजव्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. मागच्या रविवारी ती नव्हती.

"काच फुटली का हो, अप्पा?"

"फुटेल कशाने?" वडिलांनी मान वर केली नाही.

पडद्यावर उंदराच्या मेंदूतली दोऱ्याएवढी रक्तवाहिनी होती. तिच्यातले काळे ठिपके सरकत असले तर 'वाहतंय', अडकले असले तर 'थांबलंय'. दोनच बटणं. बायको गेल्यापासून अप्पा रोज दुपारी हेच करत. तिला झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या आजारावर संशोधन करणाऱ्यांना अशा चित्रफिती बघायला घरोघरचे हजारो डोळे हवे होते.

दर रविवारी येणाऱ्या ह्या धाकट्या मुलीला त्या लोकांचा भरवसा नव्हता. फुकटात राबवून घेतात, म्हणायची. अप्पांना मात्र मजा वाटे. शाळेत जन्मभर गणिताचे पेपर काढलेले. ह्यांची युक्ती त्यांना पसंत पडली होती. मधूनच एखादी फीत अशी येई, जिचं उत्तर त्या लोकांना आधीच ठाऊक असे. अशा फिती असतात हे ते आधीच सांगत; कोणती, ते मात्र नाही. बरोबर ओळखलं की पडद्याच्या कडेची हिरवी रेघ चढे, चुकलं की उतरे. अप्पांची रेघ नेहमी वरपर्यंत. दूधवाल्यालासुद्धा दाखवून झाली होती.

आता नेमकी तिच्यावरच चिकटपट्टी होती.

"हिरवं दिसलं की सारखं लक्ष जातं," ते म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

ती खुर्ची ओढून बसली. "काल ताईचा फोन आला होता ना? काय म्हणत होती?"

अप्पांचं बोट हवेतच राहिलं.

"तुला सांगितलं असेलच की तिने."

"सहज विचारलं हो."

"सहज! मागच्या खेपेला शेजारच्या कुत्र्याचं नाव विचारलंस. त्याआधी दुसरी किल्ली कुणाकडे असते ते. ठाऊक असलेलं मधेच घुसवतेस. पेपर काढलेत मी, पोरी. ते लोक निदान आधी सांगून करतात."

पुढची फीत सुरू झाली. एक ठिपका कडेशी नुसता थरथरत होता.

"बघ बरं. वाहतंय की थांबलंय?"

ती वाकली. "नाही कळत. तुम्हाला?"

फीत संपली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. अप्पा उठले. "चहा टाकतो."

चिकटपट्टीचं वरचं टोक सुटत आलं होतं. तिने ते नखाने उचललं.

"साखर किती घालू गं तुला?" आतून हाक आली.

कॉलेजात असल्यापासून ती बिनसाखरेचा चहा घेत होती. काढा पिते म्हणून अप्पाच तिला चिडवायचे.

तिने कान टवकारले. आत हसू नव्हतं. चमचा डब्यावर एकदा वाजला आणि थांबला.

"घाला अंदाजाने," ती म्हणाली, आणि टोक जागेवर ठेवून अंगठ्याने दाबून धरलं.