नेमातलं शेवटचं वाक्य

दिवस कलला तरी विमलबाईंचं आजचं वाक्य व्हायचं होतं. वाक्य झाल्याशिवाय देवापुढं दिवा लावायचा नाही, असा त्यांचा चातुर्मासाचा नेम. आज कार्तिकी एकादशी. उद्या उद्यापन.

दरसाल या चार महिन्यांत त्या एकवेळ जेवत. यंदा रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी उपासतापास बंद केले. मग त्यांनी सुनेलाच म्हटलं, शाळेत पोरांना देतेस तसा मलाही रोजचा अभ्यास दे. पुष्पांजलीनं 'टेक' या एकाच इंग्रजी क्रियापदाचे सारे अर्थ कागदावर उतरवून देवघराच्या भिंतीला लावले. रोज एका अर्थाचं एक इंग्रजी वाक्य. तेही खऱ्या गोष्टीसाठी, जित्याजागत्या माणसाशी बोलून. नेमात खोटं चालत नाही.

गोळी घेतली, मेहकरची गाडी धरली, लोणच्याला मुरायला आठ दिवस लागले, साऱ्याला टेकच. विमान उडण्याचा अर्थ तेवढा अडला होता. तेव्हा वावरातून बगळा उठताना त्याच्याकडं बोट करून त्यांनी सालदाराला, सहदेवला, सांगितलं, "द बगळा टुक ऑफ." सहदेव मग संध्याकाळपर्यंत बगळे उठवत फिरला.

आता भिंतीवर एकच ओळ उरली होती. टेक बॅक, बोललेला शब्द मागं घेणे. चार महिने त्यांनी तीच पुढं ढकलली होती.

"मले म्हणून टाक," त्यांचे यजमान उत्तमराव बाजेवरून म्हणाले. "सकाळी चहावरून किती बोल्ली मले."

"ते बरोबरच बोलली. ते मी मागं नाही घेत."

विमलबाईंनी पदर सारखा केला आणि चपला पायात घातल्या.

मंजुळाबाई आपल्या दारात भगर निवडत बसल्या होत्या. आषाढात मारुतीच्या देवळात, साऱ्या भजनी मंडळासमोर, विमलबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "मंजुळे, तुह्या टाळानं देवही उठून जाईन." बाया हसल्या होत्या. त्या दिवसापासून मंजुळाबाईंनी टाळ खुंटीला अडकवले, ते अडकवलेच.

विमलबाई अंगणात उभ्या राहिल्या. "आय टेक बॅक माय वर्ड्स," एका दमात म्हणाल्या.

मंजुळाबाईंनी सुपातली नजर वर केली नाही. "कोनाले म्हणून राह्यली?"

"तुले."

"मले इंग्रजी कुठी येते? मराठीत सांग."

नेम तर झाला होता. माणूस खरा, गोष्ट खरी. आता घरी जाऊन दिवा लावायला हरकत नव्हती. पण विमलबाईंचा पाय निघेना. इंग्रजीत शब्द कसा अलगद सुटला होता. मराठीत तो सुटेना. शिवाय दुसरी पंचाईत. मंजुळाबाईंचा ताल चुकतो, हे काही खोटं नव्हतं. खरं बोललेलं मागं घ्यायचं तरी कसं?

त्या खाली बसल्या. सुपाची एक कड धरली.

"ताल तुहा चुकते, मंजुळे. ते मी मागं नाही घेत," त्या हळूच म्हणाल्या. "पण चारचौघींत बोलली, हसू केलं तुहं, ते मागं घेते. देव काही उठून गेला नाही. तूच गेली."

मंजुळाबाईंनी दोन खडे वेचून अंगणात टाकले.

"माह्या जागेवर सिंधूताई बसते म्हणे."

"बसली होती एक दिवस. उठोली मी तिले."

"काऊन?"

"तिचा ताल बरोबर येते," विमलबाई म्हणाल्या. "करमत नाही मंग."

मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे राहीनात. सूप मांडीवरून कललं आणि थोडी भगर अंगणात सांडली. दोघी मिळून ती वेचत बसल्या, हसू ओसरेपर्यंत.

"दिवा लावून येते," विमलबाई उठल्या. "तू हो पुढं."

देवळात मंडळ जमलं तेव्हा मंजुळाबाई आपल्या जुन्या जागी, खांबाला पाठ लावून बसल्या होत्या. पहिला अभंग सुरू झाला. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं नीट चाललं. तिसऱ्याला टाळ एक मात्रा पुढं पळाला. मृदंगावरच्या जानरावांनी दचकून विमलबाईंकडं पाहिलं.

विमलबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मृदंगाचा ताल सोडून मंजुळाबाईंच्या टाळामागं गात गेल्या.